सगळ्यांना पोहायला येतं

"मॅडम, आपल्याकडं सगळ्यांना पोहायला येतं!"

नाझनीन जर्मनच्या तोंडी परीक्षेच्या खोलीतून बाहेर आली ती ओढणी तोंडावर धरून, हसू दाबत. तिच्यामागून बाकीच्या तिघी आल्या. त्या हसत नव्हत्या.

"काय झालं ते नीट सांग," मी म्हटलं.

"अहो, आधी सुवर्णाताईंनी सांगितलं, माझा छंद पोहणं. मग ह्या म्हणाल्या, पोहणं. मग त्या म्हणाल्या, पोहणं. मी चौथी. त्या चष्म्याच्या बाईंनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडं बघत बसल्या. मी काय करणार? पाठ तेवढंच. म्हटलं, पोहणं. तर विचारतात, कुठं पोहता?"

"मग?"

"म्हटलं, इन पंचगंगा."

सुवर्णाताई वैतागून म्हणाल्या, "हिला सगळी थट्टाच वाटते. आमचे पाय लटपटत होते तिथं."

"हसल्या का त्या?" मी विचारलं.

"हसल्या की. दोघीपण हसल्या. मग त्या चष्म्याच्या बाई म्हणाल्या, तुमच्या टीचर कोण? मी सांगितलं."

"माझं नाव सांगितलंस?"

"पूर्ण सांगितलं. प्रज्ञा सांगावकर, इचलकरंजी. त्यांनी लिहून घेतलं."

भिंतीजवळच्या बाकावर शालन चौगुले बसली होती. आमच्या पाचजणींपैकी तिचंच नाव दुपारच्या गटात, परक्या तीन मुलींबरोबर आलं होतं. वेळ दीडची. आता साडेअकरा वाजले होते. तिनं आमचं सगळं बोलणं ऐकलं होतं.

"मॅडम," ती म्हणाली, "मीपण पोहणंच सांगू न्हवं?"

तेवढ्यात जिन्यावरून तिचे दीर बाबासो वर आले. पहाटेच्या गाडीनं ते आम्हाला पुण्याला घेऊन आले होते. हातात केळ्यांची पिशवी होती. ती त्यांनी वहिनीच्या शेजारी ठेवली आणि मला बाजूला न घेता, तिच्यासमोरच विचारलं,

"मॅडम, ह्या खेपेला हुतंय न्हवं?"

"होईल."

"न्हाई, हुईल तर चांगलंच हाय. पण ही तिसरी खेप. न्हाई झालं तर आता बास म्हणालीया आई. सहा वर्सं झाली लगनाला, त्यातलं चार म्हयनंबी दोघं एका जागी न्हाईत. दादाबी फोनवर म्हणाला, जमत न्हसंल तर राहू दे. फारकत करून दोघांनीबी मोकळं व्हावं."

शालन केळ्याचं साल सोलत होती. तिनं ते अर्धं सोललं आणि तसंच पिशवीत परत ठेवलं.

तिचा नवरा महिपती जर्मनीतल्या कासेल नावाच्या गावात एका हॉटेलात तंदूरवर होता. बायकोला तिकडं न्यायचं तर व्हिसासाठी तिला जर्मनची पहिल्या पायरीची परीक्षा पास व्हावी लागे. शंभरात साठ. शालन सातवीपर्यंत शिकलेली. कोल्हापूरच्या एका क्लासमधून दोनदा बसून दोनदा नापास झाल्यावर ती माझ्याकडे आली होती.

माझा वर्ग यंत्रमागाच्या सुट्या भागांच्या दुकानावर होता. त्याआधी मी कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवत असे. ते काम बंद पडलं आणि एम.एस्सी. करताना हौसेनं शिकलेलं जर्मन पोटापाण्याला उपयोगी आलं. पण शिकवायची माझी पद्धत प्रयोगशाळेतलीच राहिली. कृती ठरलेली, क्रम ठरलेला, म्हणजे उत्तरही ठरलेलं येणार. नाव, वय, देश, गाव, भाषा, काम, छंद. छंद संपला की लगेच चिठ्ठीवर निघेल त्या शब्दावरचे प्रश्न, ते संपले की समोरच्याला करायच्या विनंत्या. आजूबाजूनं मागांचा खडखडाट असायचा. त्याच्यावर आवाज चढवून सगळ्याजणी एका सुरात हे सगळं सलग म्हणायच्या. वर्गात हसायला कुणाला वेळ नसे. पुस्तकातल्या नमुन्यात छंदाच्या जागी पोहणं होतं, म्हणून मीही पोहणंच ठेवलं. तुम्हाला खरंच काय आवडतं, हे मी कुणाला विचारलं नव्हतं. विचारायची गरजच पडली नव्हती. आधीच्या तीन तुकड्या अशाच पास झाल्या होत्या.

आणि शालनही होत होती. सराव परीक्षेत तिला माझ्याकडे एकदाही पासष्टच्या खाली गुण नव्हते. हा आकडा मी तेव्हा विसरले नव्हते. मला तो आठवत होता.

"चल," मी तिला म्हटलं. "खाली जाऊ. आपण छंद बदलू."

ती उठली नाही. "आता?"

"दोन तास आहेत."

"मॅडम, नको. आता काय हलवू नका. मला सगळं येतंय. रात्री झोपेतसुद्धा म्हणते मी, आमच्या सासूबाई सांगतात."

"पाचवी बाई पोहते म्हणाली तर त्या काय म्हणतील?"

"काय म्हणतील? हसतील. हसू दे की."

"त्यांनी कुठं पोहता विचारलं तर?"

"पंचगंगा म्हणायचं!" नाझनीन मध्येच म्हणाली.

"तू गप्प बस," मी तिच्यावर ओरडले. वर्गात मी कधी कुणावर रागावले नव्हते. नाझनीननं ओढणी खाली केली.

शालन मुकाट्यानं माझ्यामागून जिना उतरली.

सायकली लावायच्या जागेपलीकडे एक कडुनिंब होता, त्याखाली सिमेंटचा कट्टा. आम्ही तिथं बसलो. नाझनीनही मागोमाग आली आणि गुपचूप टोकाला बसली.

"आता सांग, तुला काय आवडतं?"

"सैपाक," शालन म्हणाली.

"खरंच आवडतो?"

"न्हाई. करावा लागतो."

"टीव्ही?"

"सासूबाई लावतात ते बघते."

"गाणी?"

"मागाच्या आवाजात कसली गाणी, मॅडम?"

"कुणी सांगितलेलं नसताना तू काय करतेस? कामाशिवायचं. तुझं तुला बरं वाटतं म्हणून."

तिचे डोळे भरून आले. "असं काय न्हाई हो मॅडम. पोहणंच राहू दे. पाया पडते."

मी घड्याळ पाहिलं. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"शालनभाबी," नाझनीन हळूच म्हणाली, "लाइट जाते तेव्हा तुम्ही काय करता?"

"जिन्यात जाऊन बसते."

"कशाला?"

"ऐकायला."

"काय ऐकायला? लाइट गेल्यावर तर सगळं बंद."

"तेच की." शालननं डोळे पुसले. "सगळी गल्ली एकदम गप्प होती. मग लाइट आली की एकेक माग सुरू होतो. पहिला कुणाचा, दुसरा कुणाचा, ते मी आधीच मनाशी ठरवते. मग बघते बरोबर आलं का. शिंद्यांचा पहिला असतो, त्यांचा माणूस दारातच बसलेला असतो. कुंभारांचा जड आवाजाचा, धाड, धाड करतो. आमचे आठ आहेत. डोळं मिटून सांगते कुठला चाललाय."

"आवाजावरून?" मी विचारलं.

"तर. तीन नंबर असा." तिनं कट्ट्यावर दोन्ही हातांनी ठेका धरला, तोंडानं खट्टाखट, खट्टाखट. "पाच नंबर असा. आणि सहा नंबर लंगडतोय." तिनं एक ठोका उशिरा टाकला, मान थोडी मागं झटकली आणि पुन्हा उशिरा टाकला. "बाबासोभावजींना मी म्हटलं, सहाचा धोटा इकडून तिकडं जाताना अडकायलाय. ते म्हणाले, तुला काय कळतंय. दुसऱ्या दिवशी धोटा उडून भिंतीवर आदळला."

नाझनीन टाळ्या वाजवायला लागली. "परत करा, परत करा! कुंभारांचा करा!"

शालननं कुंभारांचा माग करून दाखवला. मग शिंद्यांचा. मग आठी माग एकदम, गाल फुगवून, हातपाय हलवत. सायकल काढायला आलेला एक मुलगा थांबून बघायला लागला. नाझनीननं डोळे मिटून नंबर ओळखायचा खेळ सुरू केला आणि मीही त्यात ओढली गेले. आठ मागांचे आकडे जर्मनमध्ये सांगायचे, असं मी ठरवलं. नाझनीन सारखी चुकत होती. शालन तिला दुरुस्त करत होती, तेही जर्मनमधून. नाईन, नाईन, फ्यून्फ! नाही, नाही, पाच!

"हे वाक्य घे," मी म्हटलं. "इश ह्योरे गेर्न मशीनन. मला यंत्रं ऐकायला आवडतात."

तिनं ते दोनदा म्हटलं. मग थांबली. ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. वर्गात आम्ही आजारपणाचा धडा केला होता, त्यातून तिनं काहीतरी शोधून आणलं.

"नुमर झेक्स इस्ट क्रांक," ती म्हणाली.

सहा नंबर आजारी आहे.

हे वाक्य मी तिला दिलेलं नव्हतं. कुठल्याही पुस्तकात नव्हतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. चुकलं का, असं ते पाहणं नव्हतं. मला कळलं की नाही, एवढंच ती पाहत होती. त्यानंतरच्या बारा वर्षांत मी शेकडो लोकांना शिकवलं आहे. माणसाचं परक्या भाषेतलं स्वतःचं पहिलं वाक्य तयार होताना चेहरा कसा होतो, ते मी त्या दिवशी प्रथम पाहिलं.

"कळलं," मी म्हटलं. "गुट. छान."

दीड वाजता ती आत गेली.

मी व्हरांड्यात उभी राहिले. दार बंद होतं. बाबासो खाली बिडी ओढायला गेले होते. थोड्या वेळानं आतून खट्टाखट, खट्टाखट असा आवाज आला, टेबलावर हात मारल्याचा. मग हसण्याचा. सकाळी नाझनीननं सांगितलेलं हसू कसं होतं ते मी ऐकलं नव्हतं, पण हे हसू चांगलं होतं. मी भिंतीला टेकले.

शालन बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता.

"मॅडम, त्यांनी सगळं ऐकलं! त्या चष्म्याच्या बाई म्हणाल्या, बाकीचे माग कसे आहेत? मी म्हटलं, गेझुंट! सगळे बरे आहेत, तेवढा सहाच आजारी. मॅडम, मी आज बोलले. आजवर मी नुसतं म्हणत होते."

"आणि चिठ्ठ्या?"

"हां. चिठ्ठ्या. ती चिठ्ठी हातात आली आणि मॅडम, काय आठवंचना. पोहण्याच्या पुढं प्रश्न यायचे न्हवं आपल्यात, ओळीनं? आज पोहणंच म्हटलं न्हाई, तर पुढचं यायलाच तयार न्हाई. मग मी माझं माझं काहीतरी जुळवलं."

"विनंत्या?"

"त्याबी जुळवल्या. चालतं न्हवं?"

"चालतं," मी म्हटलं.

सहा महिने मी त्यांना एक लांब साखळी घडवून दिली होती आणि दोन तासांपूर्वी तिच्यातली मधलीच कडी काढून घेतली होती. पुढचं सगळं खाली पडणार, हे समजायला भौतिकशास्त्र लागत नाही.

परतीच्या गाडीत शालन खिडकीशी बसून साताऱ्यापर्यंत बोलत होती. रस्त्यावरच्या पाट्या, झाडं, गाड्या, ज्याचा शब्द येत होता ते सगळं जर्मनमध्ये. बाबासो म्हणाले, "वैनी आज लईच खूश दिसतीया. म्हंजे झालं म्हणायचं."

निकाल तीन आठवड्यांनी, सोमवारी आला. नाझनीन एकाहत्तर. सुवर्णाताई अडुसष्ट. बाकीच्या दोघी बासष्ट आणि चौसष्ट. चारही पोहणाऱ्या पास.

शालन सत्तावन्न. लेखी गुण सरावातल्यासारखेच होते. तोंडी परीक्षेत सरावापेक्षा नऊ कमी.

त्या संध्याकाळी ती एकटी वर्गावर आली. मी फळा पुसत होते. ती मागच्या बाकावर बसली.

"मॅडम, सहा नंबर आजारी आहे, हे बरोबर होतं का?"

"बरोबर होतं."

"मग मी नापास कशात झाले?"

मी तिला गुणांचा कागद दाखवला. ओळख करून द्यायला किती गुण, चिठ्ठ्यांना किती, विनंत्यांना किती. छंदाच्या एका वाक्याला जवळजवळ काहीच नव्हते. चिठ्ठ्या आणि विनंत्या गेल्या होत्या.

तिनं कागद नीट वाचला. आकडे तिला चांगले कळत.

"पोहणं म्हटलं असतं तर झाले असते?"

एकाच प्रयोगावरून असं सांगता येत नाही, असं मी म्हणू शकले असते. ते चूकही नव्हतं.

"झाली असतीस," मी म्हटलं.

"मी नको म्हणत होते."

"हो."

"मग का बदललंत? हसतील तर हसू दे, म्हणाले होते मी. माझं मला काय वाटलं नसतं."

शेजारचे माग चालू होते.

"त्या चष्म्याच्या बाईंनी माझं नाव लिहून घेतलं होतं," मी म्हटलं. "पुण्यात त्यांच्याच संस्थेत शिकवायच्या जागेसाठी मी अर्ज केलाय. मुलाखत त्याच घेणार आहेत. पाचही जणींनी एकच पाठ केलेलं म्हटलं असतं, तर..." मी डस्टर खाली ठेवलं. "मी ते तुझ्यासाठी केलं नाही, शालन. माझ्यासाठी केलं."

मला वाटलं ती रडेल, किंवा ओरडेल. ती उठून माझ्यापाशी आली आणि फळ्याजवळ उभी राहिली.

"मग एवढं एक करा," ती म्हणाली. "घरी येऊन हेच सांगा. बाबासोभावजींना सांगा, सासूबाईंना सांगा. तिला येत होतं, माझ्यामुळं गेलं, म्हणा. ते मला म्हणतात, हिच्या डोक्यातच शिरत न्हाई. मी सांगून काय उपयोग? तुम्ही मॅडम आहात, तुमचं ऐकतील. मला आणि एकदा बसू देतील. ह्याच आठवड्यात फारकतीसाठी मंडळी बसणार आहेत."

"उद्या येते," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."

मंगळवारी संध्याकाळी मी त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात सुवर्णाताई उभ्या होत्या. त्यांनी मला हाक मारली. पेढे दिले. त्यांच्या जावेला पुढच्या तुकडीत घालायचं म्हणाल्या. त्याच गल्लीतल्या आणखी दोघी यायच्या होत्या. सांगावकर मॅडमचा क्लास म्हणजे हमखास, असं त्या दुकानदाराला सांगत होत्या. मी पेढा हातात घेऊन उभी होते. चौगुल्यांचं दार तिथून चाळीसेक पावलांवर होतं. बुधवारची मुलाखत होऊन जाऊ दे, मी स्वतःला म्हटलं. जागा मिळाली तर या गावात माझं नाव राहिलं काय न् गेलं काय. मग मोकळेपणानं सांगता येईल. दोन दिवसांनी काय बिघडतंय.

मी माघारी आले.

बुधवारी पुण्यात मुलाखत झाली. चष्म्याच्या बाईंना नाव आठवत होतं. "ती यंत्रांची बाई तुमचीच ना?" त्या म्हणाल्या. "फार छान. असं शिकवणारी माणसं हवीत आम्हाला." त्यांनी तिचा निकाल काय लागला ते विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

गुरुवारी मी चौगुल्यांच्या कारखान्यात गेले. आठी माग चालू होते. बाबासो पलीकडच्या टोकाला होते. मी मागांच्या मधून वाट काढत त्यांच्यापर्यंत पोचले.

"शालनची चूक नव्हती," मी म्हटलं.

त्यांनी कानामागं हात धरला. "काय?"

"चूक माझी होती!"

"ऐकू यायला न्हाई!"

"माझी चूक! तिला सगळं येत होतं! माझ्यामुळं नापास झाली ती!"

मागावरचा एक विणकर वळून बघायला लागला. बाबासोंनी मला हातानं खुणावलं आणि दाराबाहेर घेऊन आले. तिथं मला सगळं पुन्हा एकदा सांगावं लागलं, सावकाश, साध्या आवाजात. मुलाखतीचं तेवढं मी सांगितलं नाही. कापसाच्या बोळ्यानं बोटांचं तेल पुसत त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"वैनी म्हणत हुती मॅडम येणार हाईत म्हणून," ते म्हणाले. "मंगळवारी दिवसभर दारात बसली हुती. काल मंडळी बसली तवाबी म्हणाली, जरा थांबा, येतील. आम्ही दुपारपातूर थांबलो बी. मग फारकतीच्या कागदावर सही झाली. सांजच्याला तिचा भाऊ येऊन घिऊन गेला."

"आईनं ऐकलं असतं, मॅडम. तुमचं ऐकलं असतं." त्यांनी बोळा खिशात घातला. "काल का आला न्हाईसा?"

"काल मी पुण्यात होते," मी म्हटलं.